तयारी कागदांची आणि तयारी माणसाची

जर्मनीला शिकण्यासाठी गेलेला विद्यार्थी हा एके काळी पुण्या-मुंबईच्या मोजक्या घरांतील कौतुकाचा विषय असे. आज ती स्थिती राहिलेली नाही. नांदेड, जळगाव, सांगली, चिपळूण अशा गावांतील शिक्षक, बँक कर्मचारी, छोटे व्यापारी आणि बागायतदार यांच्या घरांतही म्युनिच, आखेन, ड्रेस्डेन, श्टुटगार्ट ही नावे सहजपणे उच्चारली जाऊ लागली आहेत. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात भारताने चीनला मागे टाकले आणि जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय विद्यार्थी प्रथम क्रमांकावर आले. त्याच्या पुढच्या वर्षी, २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात, ही संख्या सुमारे ४९ हजारांवर पोहोचली. त्यात मराठी मुला-मुलींचा वाटा लक्षणीय आहे, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही. आपल्या नात्यागोत्यात, सोसायटीत, परिचयाच्या चार घरांत डोकावले तरी ते ध्यानात येते.

या परदेशगमनाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आपल्या समाजात रूढ आहेत. पहिली दृष्टी अशी की, तिकडे गेला तो जिंकला. त्याच्या विमानतळावरील छायाचित्रातच आई-वडिलांच्या आयुष्याचे सार्थक झालेले असते. दुसरी दृष्टी अशी की, तिकडे गेला तो देशाला मुकला. त्याच्या शिक्षणावर झालेला खर्च वाया गेला आणि मातृभूमीचे ऋण बुडाले. सत्कार करणारे आणि नाक मुरडणारे, दोघेही आपापल्या जागी ठाम असतात. परंतु या दोन्ही दृष्टींत प्रत्यक्ष तो विद्यार्थी कोठेच नसतो. बावीस-तेवीस वर्षांचा तो मुलगा किंवा ती मुलगी एका अनोळखी शहरात दोन बॅगा घेऊन उतरते, त्यानंतर तिचे काय होते, याचा विचार या वादात कोणीच करीत नाही. तो विचार करणे हे पालकांचे, शिक्षकांचे आणि समाजात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे, असे आम्हाला वाटते.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, आपल्या घरांतून तयारी होत नाही असे नाही. ती होते आणि कसून होते. गुणपत्रिका गोळा होतात, इंग्रजीची परीक्षा दिली जाते, शिफारसपत्रे मिळविली जातात, हेतुपत्राचे दहा खर्डे होतात. नोव्हेंबर २०२२ पासून बहुतेक भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ‘ए.पी.एस.’ हे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते काढण्यासाठी महिनोन्महिने धावपळ चालते. अनेक विद्यापीठांत हिवाळी सत्राच्या अर्जाची अखेरची तारीख १५ जुलै असते आणि काही अभ्यासक्रमांची तर त्याहून बरीच आधीची. त्यानंतर येतो ‘ब्लॉक्ड अकाउंट’. विद्यार्थी वर्षभर आपला निर्वाह करू शकेल याची खात्री म्हणून एक ठरावीक रक्कम आगाऊ भरावी लागते आणि ती त्याला तिकडे दरमहा हप्त्याने मिळते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो ठरविण्यात आली. एक युरो शंभर रुपयांचा धरला तरी ही रक्कम सुमारे बारा लाख रुपये होते. त्यासाठी कोणी मुदतठेव मोडतो, कोणी घर तारण ठेवतो, कोणी गावाकडची जमीन विकतो. असे दीड-दोन वर्षे सारे घर त्या एका ध्येयासाठी राबते.

एवढे करूनही जी तयारी राहून जाते तिचे स्वरूप निराळे आहे. कागदांची तयारी पूर्ण होते, माणसाची तयारी अपुरी राहते. आणि तिकडे गेल्यानंतर जे विद्यार्थी अडचणीत येतात, ते बहुधा कागद कमी पडल्यामुळे येत नाहीत.

पहिल्या पंधरा दिवसांचेच उदाहरण घ्यावे. घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरकचेरीत जाऊन पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला तेथे ‘आन्मेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. बँक, कर क्रमांक, निवासाचा परवाना अशा पुढच्या बहुतेक कामांना ही नोंदणी हवी असते. आरोग्य विमा तर सक्तीचा आहे; तो नसेल तर विद्यापीठ नावच दाखल करून घेत नाही. म्युनिचसारख्या शहरांत विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीसाठी दीर्घ प्रतीक्षायादी असते. म्हणून प्रवेशाचे पत्र हाती पडताच त्याच दिवशी तेथे अर्ज करावा लागतो. जो उशीर करतो तो मग खासगी खोलीच्या शोधात फसतो. ‘मी परगावी आहे, आगाऊ रक्कम पाठवा, किल्ली टपालाने येईल’ असे सांगणारा घरमालक बहुधा भामटाच असतो, हे किती पालकांना ठाऊक असते? ही सारी कामे विद्यार्थ्याला स्वतः, एकट्याने, परक्या भाषेतील पत्रे वाचून करावी लागतात. तेथे ओळखीचा साहेब नसतो, काकांचे मित्र नसतात आणि ‘जरा बघून घ्या ना’ म्हणून काम होत नाही.

आता आपल्या घरांकडे पाहू. ज्या मुलाला बारावीपर्यंत ‘तू फक्त अभ्यास कर’ असे सांगितले, ज्याचे ताट आईने उचलले, कपडे बहिणीने घडी केले, बँकेचे, विजेचे आणि रेल्वेचे काम वडिलांनी केले, तो मुलगा अचानक चौघांत मिळून राहण्याच्या घरात जातो. तिकडे अशी सामायिक घरे फार आहेत. स्वयंपाकघर सर्वांचे असते, सफाईच्या पाळ्या भिंतीवर लावलेल्या असतात, कचरा चार-पाच प्रकारांत वेगळा करावा लागतो आणि रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते. रविवारी दुकाने बंद असतात. १९१९ च्या वायमार संविधानाने रविवारच्या विश्रांतीला दिलेले संरक्षण १९४९ च्या मूलभूत कायद्यातही कायम राहिले आहे. शनिवारी धान्य-भाजी आणण्याचे विसरले तर रविवारी उपाशी राहण्याची वेळ येते. यातील एकही गोष्ट अवघड नाही. ज्याला त्या कामांची सवय नाही त्याला मात्र त्या सर्व एकदम अंगावर येतात आणि त्यालाच मग आपण ‘सांस्कृतिक धक्का’ असे भारदस्त नाव देतो. या धक्क्याचा मोठा भाग संस्कृतीचा नसून सवयीचा आहे. स्वावलंबन हा ज्यांच्या बोलण्यातील आवडता शब्द आहे, त्या आपल्या घरांनी मुलांना, विशेषतः मुलग्यांना, वरण-भाताचा कुकर लावणेही शिकवू नये, हे आपल्याला शोभत नाही.

शिक्षणाच्या रीतीतील फरक त्याहून गंभीर आहे. आपल्याकडे वर्षभर उपस्थिती घेतली जाते, अंतर्गत गुण मिळतात, शिक्षक आठवण करून देतात, शिकवणीवाले पाठपुरावा करतात. तिकडे पुष्कळ विषयांत व्याख्यानाला उपस्थिती सक्तीची नसते आणि सत्राच्या अखेरीस होणाऱ्या एकाच परीक्षेवर सारे अवलंबून असते. कोणी विचारत नाही, याचा अर्थ सवलत मिळाली असा घेणारा विद्यार्थी फेब्रुवारीत जागा होतो. गुणांची पद्धतही उलटी आहे. १.० हा सर्वोत्तम, ४.० ही उत्तीर्णतेची सीमा आणि ५.० म्हणजे अनुत्तीर्ण. येथे सदैव पहिल्या वर्गात आलेल्या मुलाला पहिल्याच सत्रात ३.७ मिळतात आणि त्याचा स्वतःवरचा विश्वास डळमळतो. त्यातही एक नियम पालकांनी ध्यानात ठेवलाच पाहिजे. बहुतेक अभ्यासक्रमांत एका विषयाच्या परीक्षेला मोजक्याच संधी असतात, पुष्कळ ठिकाणी तीन. आवश्यक विषयात अखेरची संधीही गेली तर विद्यार्थ्याचे नाव कमी होते आणि तोच अभ्यासक्रम देशातील दुसऱ्या विद्यापीठातही सहसा करता येत नाही. ‘के.टी.’ घेत घेत अखेर पदवी पदरात पाडून घेण्याची सवय तेथे चालत नाही.

चर्चासत्रांत अध्यापकाला प्रश्न विचारणे, त्यांच्या मताशी सविनय असहमत होणे, स्वतःचा निष्कर्ष मांडणे हे तेथे अपेक्षित असते. दुसऱ्याचा मजकूर उचलून स्वतःच्या नावावर खपविणे ही तेथे गंभीर अप्रामाणिकता मानली जाते. आपल्याकडे प्रयोगवह्या उतरवून घेण्याला कोणी चोरी म्हणत नाही. ही सवय बरोबर नेली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. पूर्वपक्ष-उत्तरपक्ष मांडून सिद्धांतापर्यंत जाणारी शास्त्रार्थाची परंपरा आपली आणि वर्गात प्रश्न विचारायला घाबरणारा विद्यार्थीही आपलाच. हा विरोधाभास परदेशाने निर्माण केलेला नाही, तो आपल्या वर्गांतून निघालेला आहे.

भाषेचा प्रश्न सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे. ‘अभ्यासक्रम इंग्रजीतून आहे, मग जर्मन कशाला?’ हे वाक्य सल्ला देणाऱ्या दुकानांतून सर्रास ऐकविले जाते. पदवी इंग्रजीतून मिळेलही. परंतु घरमालकाचे पत्र, विमा कंपनीची सूचना, डॉक्टरांचा प्रश्न, रेल्वे फलाटावरील बदलाची घोषणा आणि कारखान्यातील मधल्या सुट्टीतील गप्पा इंग्रजीतून होत नाहीत. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी अठरा महिन्यांपर्यंत निवासाची मुभा मिळते. त्या काळात ज्याला जर्मन बोलता येत नाही त्याच्यासमोर बहुतेक लहान-मध्यम कंपन्यांची दारे बंद होतात. आणि जर्मन उद्योगाचा कणा याच कंपन्या आहेत. भाषा न शिकता गेलेला विद्यार्थी मग आपल्याच लोकांच्या खोलीत राहतो, आपल्याच लोकांबरोबर जेवतो आणि दोन वर्षांनी तो देश खिडकीतूनच पाहून झालेला असतो.

वास्तविक मराठी विद्यार्थ्याला जर्मन परकी वाटण्याचे कारण नाही. इंग्रजीत गमावलेली तीन लिंगे मराठीप्रमाणे जर्मनमध्ये टिकून आहेत. नाम-सर्वनामांची रूपे विभक्तीप्रमाणे बदलतात, हे संस्कृत शिकलेल्याला नवे नाही. आपण ‘एकवीस’ म्हणताना एक आधी उच्चारतो आणि वीस नंतर. जर्मन माणूसही ‘आइन-उंड-त्स्वान्त्सिश’, म्हणजे एक-आणि-वीस असेच म्हणतो. ‘तू’ आणि ‘आपण’ यांतील भेद जसा आपण जाणतो, तसाच ‘डू’ आणि ‘झी’ यांतील भेद तेथे पाळला जातो. पुण्यात मॅक्स म्यूलर भवन आहे, विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभाग आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेथे जर्मन शिकविली जात आहे. अन्य गावांतील विद्यार्थ्यांनाही आज घरबसल्या वर्ग उपलब्ध आहेत. आणि प्रेरणाच हवी असेल तर ती आपल्या इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ मध्ये बॉन विद्यापीठाकडे प्रवेशासाठी जे पत्र पाठविले, ते जर्मन भाषेत लिहिलेले होते. ज्या देशाचे ज्ञान घ्यावयाचे त्या देशाची भाषा आधी आत्मसात करावी, हा त्यातील धडा शंभर वर्षांनंतरही शिळा झालेला नाही. निघण्यापूर्वी किमान बी-१ या पायरीपर्यंत जर्मन शिकणे हा घरचा नियमच असावा.

आता पैशाविषयी. ‘जर्मनीत शिक्षण फुकट असते’ हे अर्धसत्य आहे. बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, हे खरे. परंतु बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात २०१७-१८ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क आहे. म्युनिचच्या तंत्र विद्यापीठाने २०२४-२५ पासून अशा नव्या विद्यार्थ्यांकडून पदवीसाठी सत्राला २,००० ते ३,००० आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ४,००० ते ६,००० युरो आकारण्यास प्रारंभ केला. शिवाय राहणे, जेवण, विमा आणि सत्राची वर्गणी यांचा खर्च सर्वत्रच असतो. घरात दूरदर्शन संच नसला तरी सार्वजनिक प्रसारणाची वर्गणी घरटी भरावीच लागते. काम करून भागवू, असे मुले म्हणतात. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षातून १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. कष्ट करून शिकणे ही अभिमानाचीच बाब होय. गोदामात रात्रपाळी करणारा वा भांडी घासणारा विद्यार्थी कोणापेक्षाही उणा नाही. पण कर्जाचा हप्ताच त्या कामातून फेडावयाचा असे ठरवून कोणी जात असेल, तर तो विद्यार्थी म्हणून जात नसून मजूर म्हणून जात आहे आणि त्याची परीक्षा त्याची किंमत चुकती करणार आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण युरोपातही खरी ठरते.

येथेच मध्यस्थांचा विषय येतो. प्रामाणिक सल्लागार आहेत, यात शंका नाही. परंतु ज्या कामासाठी लाखभर रुपये घेतले जातात, त्यातील बहुतेक काम विद्यार्थी स्वतः करू शकतो. अनेक विद्यापीठांचे अर्ज ‘युनि-असिस्ट’ या सामायिक केंद्रामार्फत थेट भरता येतात. पहिल्या अर्जास ७५ युरो आणि त्याच सत्रातील पुढील प्रत्येक अर्जास ३० युरो शुल्क पडते. काही मध्यस्थ मात्र सार्वजनिक विद्यापीठांऐवजी भरमसाट शुल्काच्या खासगी संस्थांकडे विद्यार्थ्यांना वळवितात, कारण त्या संस्थांकडून त्यांना दलाली मिळते. पालकांनी तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. संस्था सार्वजनिक आहे की खासगी? पदवीला शासनमान्यता आहे काय? शिक्षण प्रत्यक्ष वर्गात आहे की अंशतः ऑनलाइन? कारण दुरून दिल्या जाणाऱ्या शिक्षणासाठी विद्यार्थ्याचा निवास परवाना नाकारला जाऊ शकतो. जो आपला अर्ज आपण भरू शकत नाही, तो तिकडे आपला संसार कसा चालविणार, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

या सर्व अडचणींपेक्षा मोठी अडचण मात्र कोणत्याही यादीत नसते. ती आहे मौनाची. नोव्हेंबर उजाडला की तिकडे दिवस लहान होतात. बर्लिनला डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. भारताशी साडेचार तासांचे अंतर असते. वर्ग आटोपून मुलगा खोलीवर येतो तेव्हा इकडे घर झोपायला निघालेले असते. मग घाईत फोन होतो. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘अभ्यास?’ ‘छान चालला आहे.’ प्रत्यक्षात तो दोन विषयांत नापास झालेला असतो, तीन आठवड्यांत कोणाशी मोकळेपणाने बोललेला नसतो आणि खोलीचे भाडे थकलेले असते. तो हे सांगत नाही, कारण येथे त्याच्या सत्काराची छायाचित्रे भिंतीवर लागलेली असतात, घर तारण पडलेले असते आणि चार नातलगांना आई अभिमानाने सांगत असते. ज्या प्रेमाने आपण त्याला पाठविले, त्याच प्रेमाचे ओझे होऊन त्याचे तोंड बंद होते. यातून काही मुले आतल्या आत खचतात. त्यांचे दुःख घरापर्यंत पोहोचते तेव्हा कधी कधी फार उशीर झालेला असतो.

याला उपाय आहे आणि तो पालकांच्याच हाती आहे. निघण्यापूर्वी आई-वडिलांनी मुलाला समोर बसवून स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे: ‘तू नापास झालास तरी आम्हाला आधी सांग. परत यावेसे वाटले तर परत ये. पैशाचे आपण मिळून पाहू. घराची अब्रू तुझ्या गुणपत्रिकेवर अवलंबून नाही.’ हे एकदा सांगून भागत नाही, दर महिन्याला कोणत्या ना कोणत्या रीतीने ते मुलाला जाणवले पाहिजे. कर्ज किती, हप्ता केव्हा सुरू होणार, हेही त्याला निघण्यापूर्वी आकड्यांनिशी ठाऊक असावे. अंधारातील भीती प्रकाशातील आकड्यापेक्षा नेहमी मोठी असते. तिकडच्या विद्यार्थी सेवा संस्था मानसिक अडचणींसाठी मोफत समुपदेशन देतात. त्यांचा लाभ घेणे म्हणजे वेड लागणे नव्हे, हे घरातूनच सांगितले गेले तर मुलाचे पाऊल तिकडे सहज वळेल.

संस्कार टिकतील काय, ही चिंता आपल्या वाचकांच्या घरांत असतेच. ती अस्थानी नाही. पण बहुतेक वेळा ती ताटापुरती मर्यादित राहते. शाकाहाराचा प्रश्न पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. बर्लिनमधील विद्यार्थी भोजनालयांनी तर २०२१ पासून मांस-मासळीचे पदार्थ अगदी थोडे ठेवून बहुतांश जेवण शाकाहारी केले. अनेक शहरांत महाराष्ट्र मंडळे आहेत, गणेशोत्सव होतो, दिवाळीला फराळ मिळतो. पहिल्या हिवाळ्यात या मंडळांचा आधार मोठा असतो. तेथील ज्येष्ठ मराठी कुटुंबांनी एका नव्या विद्यार्थ्याला रविवारी जेवायला बोलाविले तर त्याचे मोल शब्दांत सांगता येणार नाही. पण मंडळ हा आधार असावा, तटबंदी नव्हे.

संस्कारांची खरी कसोटी अन्यत्र लागते. सहाध्यायी जेव्हा भारताविषयी विचारतो, जातीविषयी, स्त्रियांच्या स्थितीविषयी, देवतांविषयी, योगाविषयी, तेव्हा आपला विद्यार्थी काय उत्तर देतो? काही मुले लाजून विषय टाळतात, काही चिडून भांडतात, काही ऐकीव बढाया मारतात. तिन्हींचे मूळ एकच: आपल्या देशाचे स्वतः केलेले वाचन नाही. जो आपला इतिहास, आपली दर्शने आणि आपले दोषही शांतपणे सांगू शकतो, त्याच्याविषयी तेथे आदर निर्माण होतो. म्हणून सामानात मसाल्याच्या पुड्यांबरोबर चार चांगले ग्रंथही असावेत आणि निघण्यापूर्वी ते वाचलेले असावेत.

विद्येसाठी युरोपात जाऊन आपला कणा ताठ ठेवणारी माणसे महाराष्ट्राने पाहिली आहेत. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांचे पुरस्कर्ते होते. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा संबंध वंशाशी आहे काय, हा इरावतीबाईंच्या प्रबंधाचा विषय. परतंत्र देशातून आलेल्या, पंचविशीही न गाठलेल्या या विद्यार्थिनीने कवट्यांची मोजमापे घेतली आणि तसा संबंध आढळत नाही, असा गुरूच्या धारणेविरुद्ध जाणारा निष्कर्ष मांडला. १९३० मध्ये डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या आणि पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी मानववंशशास्त्राचा पाया घातला. त्यांच्याही आधी विष्णु सीताराम सुखटणकर केंब्रिजला गणित शिकून बर्लिनला गेले आणि हाइनरिश ल्युडर्स यांच्या हाताखाली संस्कृत भाषाशास्त्रात तयार झाले. जर्मनीत विकसित झालेली पाठचिकित्सेची पद्धत त्यांनी आत्मसात केली आणि १९२५ पासून भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक म्हणून ती राबविली. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. आवृत्तीचे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. आपला सर्वांत मोठा ग्रंथ शुद्ध स्वरूपात उभा करण्यासाठी आपल्या माणसाने युरोपची पद्धत शिकून घेतली. घेताना संकोच केला नाही आणि घेतल्यावर स्वत्वही सोडले नाही.

मग मुले परत येतील काय? हा प्रश्न निघताना त्यांच्या गळ्यात बांधू नये. काही येतील, काही तेथेच राहतील. परतलेला मनुष्य आपोआप देशाच्या उपयोगी पडतो असे नाही आणि तेथे राहिलेला आपोआप तुटतो असेही नाही. एखादा अभियंता तेथून आपल्या जुन्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना दर आठवड्याला तासभर शिकवू शकतो. एखादा परतून केवळ पगाराच्या आकड्यावर समाधान मानू शकतो. परतण्याजोगे काम आणि सन्मान येथे निर्माण करणे ही समाजाची जबाबदारी आहे. ती मुलांच्या अपराधभावनेवर ढकलता येणार नाही.

आपल्या कार्यकर्त्यांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या वस्तीतून कोण कोठे शिकायला गेले आहे याची एक वही करावी. जाणाऱ्याची आणि दोन वर्षे तेथे राहिलेल्याची भेट घडवावी. दलालाच्या दहा व्याख्यानांपेक्षा असे एक संभाषण अधिक उपयोगी पडते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, जर्मन शासनाच्या निधीतून चालणाऱ्या ‘डाड’ या संस्थेच्या शिष्यवृत्त्या आहेत. त्यांची माहिती ज्या वस्त्यांत पोहोचत नाही तेथे ती पोहोचवावी. आणि मुलगा गेल्यावर त्याच्या आई-वडिलांकडेही अधूनमधून जावे, कारण एकटेपणा दोन्ही टोकांना असतो.

पालकांना आमचे सांगणे इतकेच आहे की, व्हिसाच्या तारखेआधी एक वर्ष मोकळे ठेवा आणि ते वर्ष मुलाला द्या. त्या वर्षात त्याने रोज एक तास जर्मन शिकावे, आठवड्यातून चार दिवस स्वयंपाक करावा, घराचा महिन्याचा हिशेब लिहावा, बँकेची आणि सरकारी कचेरीतील कामे एकट्याने करावीत, एक निबंध कोठूनही न उतरवता स्वतः लिहावा आणि आपल्या देशाविषयीची चार पुस्तके वाचावीत. एवढे करूनही तो गेला नाही, तरी त्या वर्षातले काहीच वाया जाणार नाही. आणि गेला, तर विमानतळावरून घरी परतताना आई-वडिलांच्या मनात अभिमानाबरोबर थोडी निश्चिंतीही असेल.